आण्णांची कुजबुज

“पासवर्ड त्या पोरीजवळ ठेवा की. ती बोलतच न्हाय कुणाशी.”

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी एका एक्सपोर्ट इन्व्हॉइसमधलं स्पेलिंग सुधारत होते. ‘ती पोरगी’ म्हणजे मी, हे कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या ऑफिसात न बोलणारी व्यक्ती एकच आहे. बोलणारे होते आण्णा, आणि ते हे अकाउंट्सच्या बापूंच्या कानात सांगत होते. कानात सांगत होते, हे मला नंतर बापूंकडून कळलं. माझ्यापर्यंत ते जत्रेतल्या लाउडस्पीकरवरून आल्यासारखंच पोचलं होतं.

माहितीच्या सुरक्षिततेला जगात जेवढे म्हणून धोके आहेत, ते सगळे एका माणसात भरून, त्याला पांढरा शर्ट घालून आणि कपाळाला अष्टगंध लावून कुणीतरी आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर आणून बसवलं आहे, असं माझं ठाम मत आहे. हॅकर, व्हायरस, चोरून ऐकणारे, ही सगळी बाहेरची मंडळी. त्यांना निदान आत शिरायला खटपट करावी लागते. आण्णा आधीपासूनच आत होते, चहा पीत होते, आणि बाहेरच्यांना हात करून “या की आत, उन्हात कशाला थांबलाय?” म्हणत होते.

आमची फाउंड्री कोल्हापूरबाहेर एमआयडीसीत आहे. लोखंड वितळवून ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग ओतायचे, घासायचे, आणि पेटीत भरून पाठवायचे, एवढंच आमचं काम. पाठवायचं खातं आण्णांचं. परदेशातल्या गिऱ्हाइकांना ‘डिअर सर’ लिहायचं काम माझं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये खांद्याइतकं उंच पार्टिशन आहे. त्यानं माणूस दिसायचा थांबतो. ऐकू यायचा थांबत नाही, विशेषतः तो माणूस आण्णा असेल तर. आण्णांची तरुणपणाची वर्षं भट्टीजवळ गेली. तिथे ब्लोअरच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय माणूस माणसाला सापडत नाही. पुढे आण्णा ऑफिसात आले, ब्लोअर मागे राहिला, आवाज मात्र सोबत आला. त्यांचं नेहमीचं बोलणं कँटीनपर्यंत जातं आणि कुजबुज गेटपर्यंत. कुजबुजताना ते तोंडावर हात धरतात, त्यामुळे आवाजाला दिशा मिळत असावी.

त्यात त्यांना मुक्यानं टाइप करता येत नसे. प्रत्येक अक्षर आधी तोंडातून यायचं आणि मग बोटातून. रोज सकाळी आम्ही खुर्च्या ओढत असताना पलीकडून पासवर्डाचं पठण सुरू व्हायचं. कॅपिटल अमुक, स्मॉल तमुक, मग आकडे, आणि शेवटी “ती घरासारखी खूण कुठं गेली रं?” असा आर्त प्रश्न. घरासारखी खूण म्हणजे फुली-गोळ्याच्या घरांसारखी दिसणारी हॅश. कुणीतरी आपल्या जागेवरून “तीनवर हाय, आण्णा, शिफ्ट दाबा!” असं ओरडायचं. आण्णा “व्हय व्हय” म्हणून तो दाबायचे, आणि अशा रीतीनं अत्यंत गोपनीयपणे कामाला सुरुवात व्हायची. पॅकिंगच्या बायकांना त्यांचा पासवर्ड पाठ होता. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला पाठ होता. पण कुणीही तो कधी वापरला नाही. आण्णांचा पासवर्ड वापरणं म्हणजे त्यांच्या चपला घालून जाण्यासारखं झालं असतं.

आण्णांना लॅपटॉपची काळजी नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. शिरोळ तालुक्यातल्या त्यांच्या गावात एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरलं. तेव्हा लोकांनी धान्य उचललं, कागदपत्रं उचलली, कुणी टीव्ही उचलला. आण्णांनी कंपनीचा लॅपटॉप घरातल्या सगळ्यात मोठ्या डेगचीत ठेवला, वर झाकण घातलं, आणि डेगची डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून ते शाळेतल्या छावणीत पोचले. त्यांच्या बायकोचा मागे पाण्यातच राहिलेल्या शिवणयंत्रावरून झालेला राग अजून गेलेला नाही. ‘कंपनीचे उपकरण द्रवपदार्थांपासून दूर ठेवावे’ असा आमच्या नियमावलीत एक नियम आहे. तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक कॉफीचा कप असणार. आण्णांनी तो कृष्णा नदीपर्यंत पाळला. पुढचाच नियम ‘उपकरणाचा खाजगी वापर करू नये’ असा आहे. तो त्याच छावणीत, त्याच लॅपटॉपवर अख्ख्या गावानं मोडला. मुंबईतल्या मुलांशी, सासरच्या मुलींशी, दुबईतल्या जावयाशी सगळे रांगेनं व्हिडिओवर बोलून गेले, आणि आण्णा बाजूला उभे राहून “आवाज येतोय न्हवं?” असं प्रत्येकाला विचारत होते. नसता आला तरी त्यांच्या विचारण्यानं पोचला असता.

खंडेनवमीला त्यांच्या लॅपटॉपची पूजा होते. झेंडूचा हार, हळद, कुंकू, अक्षता. एका वर्षी भक्तिभावात बोट जरा घसरलं आणि सगळं कुंकू बाजूच्या यूएसबीच्या खाचेत गेलं. तेव्हापासून ती आमच्या कंपनीतली सर्वांत सुरक्षित खाच आहे, कारण तिच्यात काहीच जात नाही. याचा परिणाम असा झाला, की पुढे यार्डात आण्णांना कुणाचा तरी पडलेला पेनड्राइव्ह सापडला, तेव्हा तो त्यांनी माझ्या लॅपटॉपला लावला. सापडलेला पेनड्राइव्ह कधीही लावू नये, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडेपर्यंत तो लागला होता. मला तोंड उघडायला वेळ लागतो.

“कुणाचं तरी हरवलंय गं बिचाऱ्याचं,” आण्णा म्हणाले. “बघाय नको?”

आत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते. आण्णांनी सगळे पाहिले. मग बापूंनी पाहिले, मग पॅकिंगच्या बायकांनी येऊन हळदीचे पुन्हा पाहिले आणि नवरीच्या ब्लाउजवर चर्चा केली. शेवटी जेवणाच्या पंगतीतला एक वाढपी आण्णांनी ओळखला. तो आमच्या एका ट्रकवाल्याचा मेव्हणा निघाला, आणि पेनड्राइव्ह संध्याकाळी मालकाच्या हातात पोचला. माझा लॅपटॉप तपासणीसाठी पुण्याला गेला तो बऱ्याच दिवसांनी परत आला.

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रकार म्हणजे आण्णांचा पत्रव्यवहार. ‘तुमचे खाते आज बंद होणार आहे, त्वरित खालील लिंकवर क्लिक करा’ असे मेल सगळ्यांनाच येतात. शहाणी माणसं ते पुसून टाकतात. भोळी माणसं क्लिक करतात. आण्णा दोन्हींपैकी काही करत नसत. ते उत्तर लिहीत. असं एक उत्तर मी त्यांच्याच विनंतीवरून शुद्धलेखनासाठी तपासलं होतं: ‘पावणं, सप्रेम नमस्कार. आपला निरोप मिळाला. माझं खातं आपल्या बँकेत न्हाय, त्यामुळं ते बंद पडायचा प्रश्नच येत न्हाय. तरी आठवणीनं कळवलासा, आभारी हाय. कोल्हापूरकडं आलासा तर फोन करा, जेवल्याबिगर जायचं न्हाय.’ खाली नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, गावाकडचा पत्ता, आणि एसटी स्टँडवरून यायचं कसं याची खूण.

मी भीत भीत म्हटलं, “आण्णा, हे चोर असतात.”

“असतील की. मी कुठं न्हाय म्हणतोय? लिंकला बोट तरी लावलंय का मी?”

“नाही, पण उत्तर कशाला?”

आण्णांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. त्यांच्या मते हा इंग्रजी शाळेचा दोष होता. “दारात आलेल्याला हाकलायचं असलं तरी तोंडानं हाकलावं लागतंय, पोरी. गप बसून दार लावणं ही काय रीत झाली?”

मी शुद्धलेखन तपासून दिलं. मला उत्तर सुचतं ते माणूस निघून गेल्यावर.

मग आमच्या हेड ऑफिसनं, म्हणजे पुण्यानं, कर्मचाऱ्यांच्या जबाबदाऱ्यांची इंग्रजी नियमावली पाठवली. आमच्या परदेशी गिऱ्हाइकाची तशी अट होती. आमच्या प्लांटसाठी एक सिक्युरिटी कोऑर्डिनेटर नेमायचा होता. मॅनेजरसाहेबांनी नियमावलीचं वजन हातानं तोललं आणि म्हणाले, “हे कॉन्व्हेंटला द्या.” अशा रीतीनं, अनोळखी माणसाला नाही म्हणायला लोकांना शिकवण्याचं काम ऑफिसातल्या अशा एकमेव व्यक्तीकडे आलं, जिला ओळखीच्या माणसालाही नाही म्हणता येत नाही.

मी नियमावलीचं मराठी केलं. ते फार शुद्ध झालं होतं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी ते कागदात बघून वाचलं, आणि आण्णांनी समोर बसून त्याचं पुन्हा मराठी केलं.

“संवेदनशील माहिती कोणासही देऊ नये,” मी वाचलं.

“संवेदनशील म्हंजे?” मागून कुणीतरी विचारलं.

“लगीच रडणारी,” आण्णा म्हणाले. “पुढं वाच, पोरी.”

“जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करावी.” दुसऱ्या दिवसापासून आण्णा चहाला उठताना लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घालू लागले. किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्यावर टांगत. कुणाला लागला तर अडायला नको.

“पासवर्ड सुरक्षित ठिकाणी ठेवावा.” या नियमावर आण्णांनी एक दिवस विचार केला, आणि मग बापूंच्या कानात तो सल्ला दिला, जो मी सुरुवातीला सांगितला. ऑफिसात कपाटं फुटू शकतात, वह्या हरवू शकतात, फोन पोरं घेतात. पण ही पोरगी कुणाशी बोलत नाही. दुपारनंतर लोक एकेक करून माझ्या टेबलाशी येऊ लागले. देवळात नवस बोलायला यावं तसे यायचे, इकडेतिकडे बघायचे, वाकून आपला पासवर्ड सांगायचे, आणि मोकळं वाटून निघून जायचे. मी ‘नका सांगू’ म्हणायच्या तयारीला लागेपर्यंत त्यांचं सांगून झालेलं असायचं. शेवटी मी सगळ्यांना इंग्रजीत मेल लिहिला, की असं करणं नियमाविरुद्ध आहे, तरी सर्वांनी आपले पासवर्ड ताबडतोब बदलावेत. आमचे लोक आज्ञाधारक आहेत. सगळ्यांनी बदलले. आणि नवीन मला येऊन सांगितले.

कुणाचा काय होता ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की इतकी वर्षं या लोकांशेजारी बसून जे कळलं नव्हतं, ते त्या आठवड्यात कळलं. कुणाला कोणती म्हैस जास्त आवडायची, कुणाचं मूल जगलं नाही, कुणाला अजून कोणतं गाव आपलं वाटतं. बापूंच्या पासवर्डात एक नाव होतं, आणि ते वहिनींचं नव्हतं. मी बापूंकडे पाहिलं, बापूंनी छताकडे पाहिलं. असो.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग पुण्यानं परीक्षा घेतली. न सांगता, खोटे मेल पाठवून. कोण फसतंय ते बघायला. अहवालात आमच्या प्लांटमधलं एकच नाव लाल रंगात होतं. आण्णांनी लिंकला बोट लावलं नव्हतंच. त्यांनी प्रत्येक खोट्या मेलला सप्रेम नमस्कार पाठवला होता, आणि एकाला तर दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छाही. उत्तर देणं म्हणजे फसणं, असं पुण्याच्या हिशेबात होतं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर इंग्रजीतून ऑनलाइन परीक्षा द्यायची, नापास झाल्यास लॅपटॉप आणि मेल काढून घ्यायचा, आणि ‘सदर कर्मचाऱ्यास संगणकाशी संबंध नसलेले काम द्यावे’, असा आदेश आला. मॅनेजरसाहेबांनी तो चारचौघांत वाचला नाही. आण्णांना केबिनमध्ये बोलावून सांगितला. बाहेर आलेल्या आण्णांचा आवाज त्या दिवशी माझ्या टेबलापर्यंतही पोचला नाही.

संगणकाशी संबंध नसलेलं काम म्हणजे मागचं स्क्रॅप यार्ड. मोडकं लोखंड येतं, वजन होतं, ढिगात जातं. पगार तोच राहणार होता, त्यामुळे वरकरणी आण्णांचं काही जाणार नव्हतं. पण आण्णांचं टेबल म्हणजे काय होतं, ते मला पार्टिशनच्या अलीकडून माहीत होतं. होसूरला निघालेल्या ड्रायव्हरला “टायर बघितलास न्हवं?” विचारणारा, लुधियानाच्या माणसाशी स्वतःच्या हिंदीत त्याच्या आईच्या गुडघ्यांवर बोलणारा, गाडी पोचली की ग्राहकाच्या गेटवरच्या वॉचमनलाही फोन करून आभार मानणारा माणूस होता तो. निवृत्तीला थोडाच काळ राहिलेला. यार्डात वजनकाटा असतो. वजनकाट्याच्या आईची चौकशी करता येत नाही.

ऑफिसानं या संकटावर ऑफिसच्या पद्धतीनं तोडगा काढला. योजना बापूंची. आण्णांनी लॅपटॉपसमोर बसायचं, त्यावरचं सगळं मोठ्या टीव्हीवर दिसेल असं करायचं, आणि मी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून टेबलावर पेन आपटायचं. पहिला पर्याय बरोबर असेल तर एकदा, दुसरा असेल तर दोनदा. मॅनेजरसाहेब म्हणाले, की त्यांना यातलं काहीही माहीत नाही, आणि टीव्हीची वायर त्यांनी स्वतः जोडून दिली. सुरक्षिततेच्या परीक्षेत फसवणूक करायची, आणि ती सिक्युरिटी कोऑर्डिनेटरनं करायची, यात कुणालाही काही विसंगत वाटलं नाही. “घरचाच माणूस हाय,” बापू म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि माझी मान हलली. माझी मान माझ्या परवानगीशिवाय होकार देते.

निकाल आधीच सांगून टाकते. आण्णा पास झाले, काठावर. पेन एकदाही आपटलं गेलं नाही. जी उत्तरं दिली ती त्यांची स्वतःची होती, आणि जी चुकली ती तर फारच त्यांची होती. ओळखपत्र नसलेला माणूस तुमच्यामागून दारातून आत येऊ लागला तर काय कराल, या प्रश्नावर “ह्यात ‘आधी पाणी द्यावं’ असं कुठं लिहिलंच न्हाय” म्हणून त्यांनी दोन मिनिटं हरकत घेतली आणि मार्क घालवला. लॅपटॉप राहिला, टेबल राहिलं. या दिवाळीत आण्णा निवृत्त होतील ते त्याच टेबलावरून.

फक्त आता ते नियम पाळतात. आधी आधी ओठ घट्ट मिटून टाइप करायचे, तेव्हा कपाळावर घाम यायचा. आता सवय झाली आहे. हॅश कुठे आहे ते विचारत नाहीत. ड्रायव्हरचा फोन आला की उठून बाहेर जाऊन बोलतात. अनोळखी मेल आला, की त्याच्याकडे बराच वेळ बघतात आणि पुसून टाकतात. एकदा मी वाकून पाहिलं, तर पुसण्याआधी त्यांनी स्क्रीनला किंचित मान लववली होती. पासवर्डही मला आता कुणी येऊन सांगत नाही, आणि त्यामुळे माझ्या टेबलाशी तसं कुणी येतही नाही. आमचं ऑफिस सुरक्षित झालं आहे. पुण्याचा तसा हिरव्या रंगातला अहवाल आहे. सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज होतो आणि मग एसीचा.

आण्णांना ती इंग्रजी परीक्षा स्वतःची स्वतः कशी देता आली, ते सांगायचं राहिलं.

परीक्षेच्या दिवशी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टीव्हीच्या एका कोपऱ्यात पुण्याचे साहेब दिसत होते. माझ्याच वयाचे असावेत, कानाला मोठे हेडफोन, मागे पुस्तकांचं खोटं कपाट. आण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि जेवण झालं का विचारलं. साहेब इंग्रजीत म्हणाले, की वेळ सुरू झाली आहे.

पहिला प्रश्न आला. चार ओळींचा. मी तो वाचला, उत्तर दुसरं होतं, पेन माझ्या हातात होतं. मग मी आण्णांकडे पाहिलं. ते प्रश्नावरून बोट फिरवत होते. ‘ऑफिस’ या शब्दाशी बोट थांबलं, पुढे गेलं, ‘मेल’शी पुन्हा थांबलं, आणि मग ओळ संपली तरी तिथंच राहिलं. ओठ मिटलेले. अख्ख्या आयुष्यात जे समोर येईल ते मोठ्यानं वाचणारा हा माणूस, गप्प बसून कळल्यासारखा चेहरा करत होता. असा चेहरा मी ओळखते. मी शाळेत असताना घरी आलेल्या पाहुण्यांच्या मराठी विनोदांवर असाच करायचे.

माझ्या हातातलं पेन हललं नाही. आण्णांनी वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली. मग त्यांनी तोंडावर हात धरला आणि मान न वळवता, फक्त मला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजले.

“पोरी, ठोक की!”

ते पुण्याला ऐकू गेलं. हेडफोन काढून ठेवला असता तरी गेलं असतं.

“हू एल्स इज इन द रूम?” साहेबांनी विचारलं.

दाराच्या काचेतून बघणारे बापू एकदम दिसेनासे झाले. माझ्यामागे उभे असलेले मॅनेजरसाहेब टीव्हीच्या वायरकडे अशा नजरेनं पाहू लागले, जणू ती कुणी जोडली याचा त्यांनाही छडा लावायचा होता. आण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. “माजी चूक हाय साहेब,” ते म्हणाले, आणि ते इतकं हळू म्हणाले, की मला वाटतं ती त्यांची पहिली खरी कुजबुज होती. ती पुण्याला गेलीच नाही.

मी माझी खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्यासमोर गेले. टीव्हीवर मला मीच दिसले, आण्णांच्या शेजारी, आणि मधे पार्टिशन नव्हतं.

“सर, मी आहे,” मी म्हणाले. “पेन आपटून उत्तरं सांगायचं ठरलं होतं. मी सांगणार नाहीये. पण पेपर इंग्रजीत आहे. आण्णा आत्ता नापास झाले तर इंग्रजीत होतील, आणि तुम्ही सिक्युरिटीत नापास म्हणून लिहाल. मला प्रश्न मराठीत वाचू द्या, उत्तर ते देतील. मग नापास झाले तर होऊ देत. ते काही फार सुरक्षित नाहीत, मला माहितीये.”

आण्णांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे साहेबांनी हेडफोन जरा मागे सरकवला. मग म्हणाले, “वाचा,” आणि लगेच, इतका वेळ लपवून ठेवलेल्या मराठीत त्यांनी विचारलं, “मॅडम, हे मी नोंदवून घेतोय. तुम्ही हे सिक्युरिटी कोऑर्डिनेटर म्हणून सांगताय ना?”

“न्हाय, सर,” मी म्हणाले. “मी आण्णांच्या शेजारी बसते.”